वेस

नेस्टा मथायसने टी-शर्टची घडी पुन्हा घातली, छापलेली अक्षरे आत जातील अशी, आणि तो टेबलावरून गेथिनकडे सरकवला.

"माप चुकलं का?" तो म्हणाला. "मोठाही आहे आपल्याकडे. हिरवा हवा असेल तर तोही आहे."

"माप बरोबर आहे."

"मग?"

"मी तो घालणार नाही. आणि त्यावर लिहिलंय ते माइकसमोर म्हणणारही नाही."

गेथिनने घडी उलगडली, जणू अक्षरे पुन्हा दिसली की तिचे मन बदलेल. 'वेस वेस!' असे मोठ्या पिवळ्या अक्षरांत, आणि खाली एक हसणारी मेंढी.

तो मागच्या हिवाळ्याच्या तोंडावर रेडिओ केंद्राचा प्रमुख म्हणून वेल्समधल्या कार्मार्थेनला आला होता. वाढलेला कार्डिफमध्ये, इंग्रजी बोलणाऱ्या घरात. वेल्श भाषा त्याला शाळेने दिली होती आणि ती तो इस्त्रीच्या शर्टासारखी जपून वापरत असे. माणूस वाईट नव्हता. पहिल्याच दिवशी त्याने सगळ्यांसमोर सांगितले होते, की लहानपणी शाळेतून आल्यावर तो दप्तरही न उतरवता टीव्हीपुढे बसायचा, कारण त्या वेळी मुलांच्या कार्यक्रमात पिवळा रेनकोट घातलेली नेस्टा मथायस खेकडे शोधायला निघालेली असे. "आमच्या घरात माझ्याशी वेल्श बोलणारी ती एकटीच बाई होती," असे तो म्हणाला होता. लोक हसले होते. नेस्टा हसली नव्हती. ते वाक्य तिने मनात नीट ठेवून दिले होते, आणि म्हणूनच आज त्याच्याशी भांडणे तिला जड जात होते.

"लोकांना आता अस्सल हवंय, नेस्टा," तो म्हणाला. "गुळगुळीत नको. प्रत्येक निवेदक आपापल्या गावचं एक वाक्य म्हणणार, बसच्या मागे ते छापणार. तुमच्याकडे तर खजिना आहे. तो तुम्ही इतकी वर्षं लपवून ठेवलात."

"लपवून ठेवला नाही. घराबाहेर काढू नका म्हणून सांगितलं होतं."

"कुणी?"

"तुझ्या खुर्चीत तेव्हा जो बसायचा, त्यानं."

गेथिन किंचित मागे रेलला. "तो अन्याय होता. मी तोच दुरुस्त करतोय."

"मेंढी छापून?"

"मेंढी काढू." तो खरोखर विचार करत होता. "मेंढी काढता येईल."

तिच्या भाषेत 'हो' म्हणायला एकच असा शब्द नाही. विचारलेले क्रियापदच परत द्यावे लागते. दूध आहे का, तर आहे. हे 'आहे' पुस्तकात आणि रेडिओवर 'ओइस' असते. प्रेसेली डोंगराच्या उतारावर, पेम्ब्रोकच्या उत्तर टोकाला, जिथे नेस्टा जन्मली, तिथे ते 'वेस' असते. गावच्या वेशीबाहेर त्यावर लोक हसतात. पूर्वी नाक मुरडून हसायचे, आता कौतुकाने हसतात, एवढाच फरक.

"एक सांगायला हवं," गेथिन आवाज खाली आणत म्हणाला. "मार्चपासून नवं वेळापत्रक लागतंय. दुपारच्या कार्यक्रमाचं नावच 'वेस वेस' ठरलंय. वरून ठरलंय, मी एकट्यानं नाही. तुम्ही त्या भाषेत बोलणार असाल तर कार्यक्रम तुमचाच. नसाल, तर ते रोद्रीला विचारणार आहेत."

"तो नकला करणारा?"

"तो वेस-वेस छान करतो. तरुण शेतकरी मंडळाच्या जेवणात लोक हसून लोळतात."

"त्याचं घर स्वान्सी शहरात आहे."

"हो," गेथिन म्हणाला. "पण करतो छान."

नेस्टाने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले आणि उठली. कार्यक्रमाची वेळ होत आली होती. ती दारापर्यंत पोचली तेव्हा तो मागून म्हणाला, "रागावणार नसाल तर विचारतो. तुम्हाला त्याची लाज वाटते का?"

तिने दाराची कडी धरली.

"उत्तर कार्यक्रमानंतर द्या," तो म्हणाला. "आजच द्यावं लागेल मात्र."

स्टुडिओकडे जाणारा बोळ लांब होता. भिंतीवर जुन्या कार्यक्रमांची छायाचित्रे होती आणि त्यांतल्या पुष्कळांत ती होती: पिवळ्या रेनकोटात, कृषी प्रदर्शनात एका प्रचंड वळूच्या शेजारी, निवडणुकीच्या रात्री हेडफोन मानेत अडकवून. कसायाच्या दुकानात, पेट्रोल पंपावर, अंत्यविधीला जमलेल्या गर्दीत लोक तिला नुसत्या नावाने हाक मारत. चेहरा आठवला नाही तर आवाजावरून ओळखत. तो आवाज तिने स्वतः घडवलेला होता, हे त्यांना माहीत नव्हते.

लाज हा प्रश्न नव्हता. तिला सतावत होता तो प्रश्न वेगळा होता: ते अजून तोंडात आहे का? आई गेल्यानंतर भावाने शेत विकले आणि तो मुलीकडे इंग्लंडात राहायला गेला. त्यानंतर तसे बोलायला कुणी उरले नाही. वापर नसलेला स्नायू आखडतो. एकदा गाडीत एकटी असताना तिने काचा वर करून तो शब्द म्हणून पाहिला होता. जीभ बरोबर जागी गेली, ओठही हलायचे तसेच हलले, पण ऐकू आला तो रोद्री. तिने स्वतःचीच नक्कल केली होती. तेव्हापासून तिने पुन्हा प्रयत्न केला नव्हता, आणि हे ती कुणाला सांगणार नव्हती.

पहिल्या चाचणीला ती इथेच आली होती, या इमारतीत नव्हे पण याच गावात, विशीत असताना. काचेमागच्या माणसाने पाइप पेटवता पेटवता सांगितले होते: "आवाज चांगला आहे. ते 'वेस' घालवून या. अर्ध्या देशाला वाटेल रेडिओ बिघडलाय."

तिला माइक हवा होता. तिने ते घालवले.

घालवायला मदत केली डेन्झिलने. तो शेतोशेतीच्या दुधाच्या किटल्या गोळा करून कार्मार्थेनच्या डेअरीला नेत असे. सगळा मुलूख त्याला डेन्झिल दूधलॉरी म्हणायचा. वशिल्याने मिळालेली टाइपिंगची नोकरी धरून ती रोज सकाळी त्याच्या लॉरीतून गावात येई. डोंगरावरच्या रस्त्यावर मेंढ्या अडवायला ठिकठिकाणी फाटके होती. प्रत्येक फाटकाशी कुणीतरी उतरायचे, ते उघडायचे, लॉरी पुढे गेली की लावायचे आणि पुन्हा चढायचे. डेन्झिलने यावरून खेळ काढला. फाटक जवळ आले की तो खर्जात विचारी, "दूध वेस?" तिने 'ओइस' असे उत्तर दिले तर उतरायचे त्याने. तोंडातून 'वेस' निसटले तर तो एकच शब्द ओरडे, "फाटक!" आणि उतरायचे तिने. पहिल्या हिवाळ्यात तिचे बूट कधी वाळलेच नाहीत. वसंतात डेन्झिल उतरू लागला. तिला खरोखर जमले तेव्हा तो इतका वैतागला, की भलतेच काहीतरी विचारून तिला फसवू लागला: बायबल वेस? अक्कल वेस? तुला दादला मिळायची आशा वेस?

ती पहिल्यांदा बातम्या वाचायला बसली तेव्हा आईने शेजारणींना बोलावून चहा ठेवला होता. सगळे ऐकून झाल्यावर आई म्हणाली, "ही बाई कुणी शहरातली दिसते. आमची नेस्टा हिच्यानंतर असंल."

नेस्टाने स्टुडिओचे दार ओढले. ते जाड होते, रबराच्या पट्ट्या लावलेले. लावताना हवेचा एक लहानसा दाब कानांवर येई. ती खुर्चीत बसली. काचेपलीकडे एम्लिन होता, आवाजाची यंत्रे सांभाळणारा, मूळचा उत्तरेच्या अँगल्सी बेटावरचा. त्याचे-तिचे दुधाच्या शब्दावरून पहिल्या दिवसापासून भांडण होते, कारण उत्तरेकडे दुधाला निराळेच काहीतरी म्हणतात.

"चहात ते पांढरं घातलंय," त्याचा आवाज हेडफोनमध्ये आला. "नाव तूच ठेव त्याला."

"तुला यायचं नाही ते, राहू दे."

"प्रमुख येऊन बसलेत माझ्या मागे." एम्लिनने काचेतून भुवई उंचावली. गेथिन त्याच्यामागच्या स्टुलावर बसला होता. टी-शर्ट त्याच्या मांडीवर होता. "काय भानगड?"

"ऐकायला आलाय. ऐकू दे."

लाल दिवा लागला.

कार्यक्रम साधा होता. लोक फोन करत, कुणाला वाढदिवसाच्या, कुणाला नातू झाल्याच्या शुभेच्छा देत, एखादे गाणे मागत. मधे नेस्टा बोलत असे: कुठल्या खिंडीत अजून बर्फ आहे, कुठल्या चॅपलच्या छपराला हात लावणार आहेत, कुणाची कोकरे यंदा लवकर आली. ती घाई करत नसे. नव्या नियमाप्रमाणे फोन लांबले तर एम्लिनने 'आवरा' म्हणून बोट गोल फिरवायचे होते. एम्लिन ते विसरत असे. आज त्याच्या मागे बसलेला गेथिन आठवण करून द्यायला होता.

"पुढचं कोण आहे बरं?" नेस्टा म्हणाली.

"मी केनवेन बोलते आहे." बाईचा आवाज रेडिओसाठी म्हणून जपून, शब्द वेचून येत होता. "पांतग्लासहून."

"पांतग्लासची केनवेन? डेन्झिलची बायको?"

"हो. डेन्झिलचीच. आज त्यांना ऐंशी वर्षं पूर्ण झाली."

"मग तो स्वतः का बोलत नाहीये? त्याच्यापुढे दुसऱ्याला कधी तोंड उघडायला मिळायचं नाही."

पलीकडे घड्याळाची टिकटिक ऐकू आली.

"न्हाई बोलत गं आता," केनवेन म्हणाली, आणि तिचे जपणे सुटले. "झटका आला नाताळाच्या आदी. तवापास्नं एक शब्द न्हाई. समदं कळतंय त्याला, डोळ्यांनी सांगतंय. बोलायला गेला की नुसती हवा येते. दवाखान्यातली पोरगी म्हनती, जुनं पाठ झालेलं कधीमदी निघतं. गानं, प्रार्थना, असलं काय. म्हनून म्हनलं, त्याचं चॅपलमधलं स्तोत्र लाव. ऐकून काय निघतंय का बघू."

काचेपलीकडे गेथिनने स्वतःच बोट गोल फिरवले. नेस्टाने ते पाहिले आणि चहाच्या कपाकडे पाहिले.

"लावते. आधी फोन त्याच्या कानाशी धर."

"तो काय बोलायचा न्हाई, नेस्टा बाख." घरातल्या लेकराला लावतात तो लाडाचा शब्द तिने आपसूक लावला.

"मी बोलेन."

फोन हलवल्याची खरखर झाली. मग श्वास आला. जड, नाकातून येणारा, जवळचा.

"डेन्झिल," ती म्हणाली. "नेस्टा बोलते आहे. मथायसांची. वाढदिवसाच्या शुभेच्छा."

श्वास.

"मला लॉरीतून आणायचास तू. आठवतं? एक विचारते तुला." तिने विचारले, जसे देशातल्या कुणालाही विचारले असते तसे. "दूध ओइस?" रेडिओचा शब्द ओठांवरून गोल आणि स्वच्छ उतरला.

काही झाले नाही. श्वाससुद्धा मंद झाला, जणू फोनमध्ये कुणी परके बोलत होते आणि त्याने लक्ष काढून घेतले होते.

एम्लिनने तळहात वर केला. प्रसारणात थोडा वेळ आवाज गेला नाही, की यंत्र आपोआप हार्पची धून सोडत असे. यंत्राला शांतता आणि बिघाड यांतला फरक कळत नव्हता. नेस्टाने न पाहता चमचा उचलला आणि कपाच्या काठावर हलकेच घासला. किण्ण. पुन्हा घासला. तेवढ्यावर यंत्र गप्प राहिले. गेथिन उभा राहिला होता आणि आपल्या मनगटाकडे बोट दाखवत होता.

तिने मान खाली घातली. शब्द आठवायला गेले तर रोद्रीच येणार, हे तिला ठाऊक होते, म्हणून तिने शब्द आठवलाच नाही. तिने लॉरीच्या दाराची कडी आठवली, सकाळी हाताला चिकटणारे तिचे गार लोखंड, डिझेलचा आणि ओल्या लोकरीचा वास, ओले बूट.

"आरं ए डेन्झिल," ती म्हणाली. "कवाची हुबी हाय मी हितं वाटंवर. पाय गारठलं माजं. बोल की, आरं. दूध वेस?"

श्वास थांबला.

पांतग्लासच्या स्वयंपाकघरात खुर्ची करकरली. मग एक आवाज आला, घशाच्या तळातून, दोन तुकड्यांत.

"फा... टक."

"काय म्हनला?" केनवेन लांबून ओरडली. "डेन्झिल? फाटक म्हनला! नेस्टा, फाटक म्हनला गं! कुठलं फाटक? आरं लावलंय फाटक, मेंढ्या समद्या आत हायती, कशाला जिवाला—"

"फाटक!" डेन्झिल पुन्हा म्हणाला. आता ते सलग आले, आणि त्यात वैताग होता, हुकूम होता, आणि जिंकल्याचा जुना उद्धट आनंद होता.

नेस्टा मोठ्याने हसली. "हरले," ती म्हणाली. "चुकलं माजं. उतरते."

तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवले. एम्लिनचे दोन्ही हात डोक्यावर गेले. दारावर लाल दिवा जळत होता आणि तो जळत असताना ते दार उघडायचे नाही, हे इमारतीतल्या झाडूवालीपासून सगळ्यांना माहीत होते. नेस्टाने कडी दाबली, खांदा लावला आणि जाड दार सताड उघडले. बोळातला सगळा आवाज आत आला आणि थेट प्रसारणात गेला: लिफ्टची घंटा, कागद छापणारे यंत्र, आणि चिप्सवर व्हिनेगर जास्त झाल्याची कुणाची तरी तक्रार. ती दार धरून बाजूला उभी राहिली, अंग भिंतीला लावून, चाकाखाली पाय येऊ नये असे.

"उघडलं!" ती तिथूनच माइककडे ओरडली. "जा फुडं!"

टेबलावर पडलेल्या हेडफोनमधून एक घरघर आली. ओठ फुरफुरत होते. खोकला असेल असे कुणालाही वाटले असते. पण ती घरघर मधेच अडली, खाली उतरली आणि नव्या जोराने चढली, आणि चढावर दुसरा गिअर टाकताना ती लॉरी नेमकी तशीच करायची.

घरघर विरली तेव्हा नेस्टाने दार लावले, कडी बसली का ते हाताने ओढून पाहिले, आणि येऊन बसली.

"फाटक लागलं," ती माइकमध्ये म्हणाली. मग आपल्या रोजच्या आवाजात, "केनवेन, आता स्तोत्र ऐका."

एम्लिनने ते आधीच लावले होते.

उरलेला कार्यक्रम तिने नेहमीसारखा केला. दोघा-तिघांनी फोन करून विचारले, की मघाशी फाटक म्हणजे काय? ती म्हणाली, "आमच्यातलं आहे," आणि कोकरांवर गेली.

लाल दिवा विझला आणि गेथिन आत आला. त्याचे डोळे ओले होते आणि ते लपवायचा त्याने प्रयत्न केला नाही.

"हेच," तो म्हणाला. "हेच मी सांगत होतो तुम्हाला. तो शब्द तुम्ही म्हणालात ना, माझ्या अंगावर काटा आला. यातच सगळं आहे. मागचं-पुढचं कापून तेवढाच घेतला, तर—"

"मागचं-पुढचं म्हणजे डेन्झिल."

"त्याचं नाव येणार नाही. आवाजही नाही. फक्त तुमचा शब्द."

"आणि डेन्झिल कापल्यावर तो शब्द कशाचा?"

गेथिन थांबला नाही. "तसाही तो वापरता येणार नाही. चमच्याचा आवाज आलाय त्यात. एकदा स्वच्छ म्हणा, नेस्टा. एकदाच. तसाच, मघासारखा. मी वर सांगतो की तुम्ही हो म्हणालात, कार्यक्रम तुमच्याकडेच राहतो. मेंढीही जाते. मला दुसरं कुणी नकोय इथे." त्याने हातातला टी-शर्ट पिळला. "खरंच नकोय."

तो मनापासून म्हणत होता, आणि ते तिला दिसत होते. तिने खुर्ची पुढे ओढली आणि हेडफोन घातले.

"लाव रे," ती एम्लिनला म्हणाली.

काचेपलीकडे एम्लिनने कपाळाला आठ्या घातल्या, तिच्याकडे पाहिले, आणि माइक सुरू केला. लाल दिवा लागला. गेथिन श्वास रोखून भिंतीशी उभा राहिला.

"ओइस," नेस्टा म्हणाली.

शब्द गोल होता, दोन्ही कडांना सारखा, कुठेही डाग नसलेला. उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत कुणालाही कळेल असा.

गेथिनची पापणी लवली. "तो नाही. दुसरा."

"ओइस."

"नेस्टा."

"ओइस," ती तिसऱ्यांदा म्हणाली, पहिल्या बातम्यांच्या दिवशी म्हणाली होती तशी, पाठ ताठ करून. काचेमागे एम्लिनने तोंड टेबलाकडे वळवले होते आणि त्याचे खांदे हलत होते. "तुझ्या खुर्चीनं मागितलेला शब्द हाच. एकेका फाटकाशी उतरून, बूट भिजवून कमावलाय मी तो. हवा तितक्या वेळा म्हणून देते. दुसरा तुझ्या खुर्चीला मिळायचा नाही. तेव्हा नको होता. आता मागून मिळत नाही."

दिवा विझला.

"म्हणजे हे उत्तर आहे," गेथिन सावकाश म्हणाला.

"हो."

"मला वर कळवावं लागेल. मार्चपासून मग—"

"कळव की."

त्याने मान हलवली. तिला वाटले तो जाईल. पण तो तिथेच उभा राहून टी-शर्टची घडी घालू लागला, अक्षरे आत जातील अशी, बाह्या सरळ करून. एम्लिन आपल्या बाजूचे दिवे बंद करून चहाला गेला. नेस्टाने कप उचलला, चमचा त्यात टाकला, कोट खांद्यावर घेतला.

"नेस्टा," गेथिन म्हणाला. त्याने आधी काचेपलीकडे पाहिले, तिथे कुणी नव्हते. "ते फाटक म्हणजे काय होतं? बसवर छापायला नाही. मलाच कळलं नाही म्हणून."

दप्तर न उतरवता बसलेला मुलगा तिने कधी पाहिला नव्हता. कॅमेऱ्याच्या काचेमागे तो असेल एवढे धरून ती वर्षानुवर्षे बोलली होती.

तिने दारावरचा दिवा पाहिला. तो विझलेलाच होता.

"लांबलचक हाय ते," ती म्हणाली. "येळ वेस तुला?"

गेथिनचे ओठ विचार करण्याआधीच हलले, शाळेने शिकवल्याप्रमाणे.

"ओइस," तो म्हणाला.

नेस्टाने मान डोलावली.

"बरोबर," ती म्हणाली. "म्हंजी उतरायचं मला." आणि त्याच्या पुढे होऊन तिने दाराला खांदा लावला.